धोंडाबाईच्या मापाची सीट

“पुढनं नगं कापू,” हौशीराम म्हणाला. “मागं काय करायचं ते कर.”

राजरत्नने करवतीचं पान खाली ठेवलं. आळेफाट्यावरच्या त्याच्या दुकानात मोटारसायकलची सीट उघडी पडली होती. रेक्झिन काढलेलं, आतला पिवळा फोम दिसत होता.

“काका, गाडी मावशी चालवणार ना?”

“सध्या.”

हौशीरामची बायको धोंडाबाई हसली. “डाक्टर म्हनला, डावा डोळा गेला, उजव्याचीबी कड गेली, आता गाडी बंद. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, सध्या बंद.”

हौशीराम निरगुडसरचा, लग्नाचा आचारी. जुन्नर-आंबेगावात कुठेही मांडव उभा राहिला की गाडीवर तो पुढे, झारे-उलथणी टाकीवर बांधलेली, आणि मागे चपात्या लाटायला धोंडाबाई, पाय एका बाजूला सोडून. डोळ्यांवाचून त्याच्या आमटीचं फारसं अडत नव्हतं. ती त्याला वासावर कळायची. अडत होतं ते मांडवापर्यंत पोहोचणं. म्हणून कांदा काढलेल्या रानात धोंडाबाई गाडी शिकली. क्लच जमला, गिअर जमले. फक्त पाय टेकत नव्हते.

“फोम उतरवला की उतरवला,” राजरत्न म्हणाला. “नंतर वरून तुकडा चिकटवला तर तो सरकत राहतो. आधीच सांगतो.”

“मंग उद्या डोळा सुधारला तर मी कुठं बसू?”

राजरत्न उगाच खडू शोधत राहिला.

“हिला उंच टाचंची चप्पल घेऊ,” हौशीराम म्हणाला.

“चप्पल कशाला? दोन्ही पायांना पोळपाट बांधते. मांडवात गेल्यावर सोडायचं आन् लाटायला बसायचं.”

राजरत्न हसता हसता फोम गाडीवर ठेवू लागला. “मावशी, बसा बरं. काका, तुमी मागं.”

धोंडाबाईने लुगडं आवरून टांग टाकली. मागे बसायला आलेला हौशीराम थांबला. तिच्या टाचा वर उचललेल्या होत्या. चवडे जमिनीला कसेबसे लागत होते आणि पोटऱ्या थरथरत होत्या. तो चढला तशी गाडी कलली. राजरत्नने हँडल धरलं, हौशीरामने पाय टेकून भार घेतला.

“अवं, रोज असंच व्हतं,” धोंडाबाई म्हणाली. “मी बोलत न्हाई एवढंच.”

हौशीराम खाली उतरला. त्याने पुढच्या फोमवरून एकदा हात फिरवला.

“काप,” तो म्हणाला.

राजरत्नने खडूने रेघ मारली. पान चालू लागलं तेव्हा फोमचं दुसरं टोक हौशीरामने घट्ट धरून ठेवलं.

मग त्याला मागे बसवून त्याचं माप घ्यायची वेळ आली.

“मागं बसल्यावर हात कुठं ठेवायचं?” त्याने विचारलं.

“मांडीवर,” धोंडाबाई म्हणाली. “मला धरायचं न्हाई, गुदगुल्या व्हत्यात.”

“हे लई टणक हाय गं.”

“आत्ता कळलं?”

“तू कधी बोलली न्हाईस.”

“बोलले व्हते. तुमच्या कानात वारं व्हतं.”

राजरत्नने मागे मऊ फोमचा थर वाढवला. पुढची जागा खाली आणि मागची वर झाली. हौशीराम पुन्हा बसला तेव्हा तिच्या डोक्यावरून त्याला थेट हायवे दिसला, कडा पुसलेला.

“दिसतंय का काय?” तिने विचारलं.

“मधलं दिसतंय.”

“लई झालं. मला लग्नापास्नं एका येळंला एकच बाजू म्हाईत. जाताना डावी, येताना उरलेली. समोर काय असतंय, ते आता बघाय लागले.”

रेक्झिन ताणून पिना मारून झाल्या. धोंडाबाईने दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवले, एकदा गाडी डावी-उजवीकडे हलवून पाहिली आणि किक मारली.

नारायणगावच्या दिशेला थोडं गेल्यावर पुढे एक ट्रक अचानक मंदावला. हौशीरामचा उजवा पाय मागच्या पायट्यावर जोरात दाबला गेला. त्या पायट्याला ब्रेक नव्हता. गाडी तरीही हळू झाली, ट्रकपासून बेताचं अंतर ठेवून, जिथे त्यानेही केली असती तिथेच. त्याने पाय सैल सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.