काचेच्या अलीकडे

मुरलीधर कालव्यात बुडाला, आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्या फोटोंतून निघून गेला. लग्नाच्या फोटोत रेवती एकटीच उभी, शेजारी मुंडावळ्या हवेत लटकलेल्या. आधार कार्डावर नुसती पांढरी भिंत. तो राहिला एकाच ठिकाणी. पुण्याच्या जुन्या बाजारातून हौसेने आणून आरशाच्या कडेला खोचलेल्या विलायती पोस्टकार्डात.

त्यावर इंग्लंडातलं कालव्याकाठचं खेडं होतं. विटांची घरं, कमानीचा पूल, लांबट होडी, ती ओढणारा घोडा. रंग मागाहून हाताने भरलेले, त्यामुळे घोडा निळसर. पुलावर मुरलीधर, नखाएवढा, पाठमोरा. ओलं बनियन पाठीला चिकटलेलं.

"आपलाच आहे," सासू म्हणाली. "डावा खांदा बघ, उतरता."

कालव्यात गेलेला माणूस कालव्यावरच कुठेतरी निघणार, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. वाद एवढाच, की आता करायचं काय.

"फ्रेम करून घेऊ," धाकटा दीर दिगंबर म्हणाला. "तेराव्याला गंध लावायला, हार घालायला फोटो नको?"

"भावजी, ते चालतायत. सकाळी पुलावर होते, आता होडीपाशी आलेत. गंध लागलं की संपलं सगळं."

"म्हणून तेरावा पुढे ढकलायचा? आचाऱ्याला काय सांगू वहिनी, माणूस वाटेत आहे म्हणून?"

भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

घर दिवसेंदिवस लांबट आणि अरुंद होत गेलं. पाहुणे दोन्ही भिंतींना टेकून समोरासमोर बसू लागले. मधून पाणी वाहू लागलं, चपला उचलून मांडीवर घ्याव्या लागल्या. "तिथल्या पाण्याला घाई नाही बघ," असं मुरलीधर पोस्टकार्ड दाखवून म्हणायचा. ह्याही पाण्याला नव्हती.

रेवती आरशासमोरून हलली नाही. तो घोड्याला वळसा घालून काठाने येत होता. आता बोटाएवढा. आता त्याची दाढी दिसत होती. तिने चित्राला हात लावला, तर हात मनगटापर्यंत आत गेला. पाणी गार होतं. पलीकडून त्याने हात पुढे केला. वीतभर अंतर राहिलं.

"रेवती, पाहुण्यांना चहा," सासूने हाक मारली.

ती चहा गाळायला उठली, आणि परत आली तोवर दिगंबरने पोस्टकार्ड फ्रेमला नेलं होतं.


फ्रेम आली. काळी पट्टी, सोनेरी कड, काच. दिगंबरने ती भिंतीला लावली. फ्रेमवाले तांबोळीमामा सोबतच आले होते.

"मामा, काच काढा. पाया पडते."

"काच काढली तर पाणी बाहेर येईल, पोरी. म्हणून तर चार खिळे जास्त मारलेत."

तेराव्याच्या सकाळी मुरलीधर काचेपाशी पोचला. त्याच्या चेहऱ्याने सगळं पोस्टकार्ड व्यापलं. पूल, होडी, घोडा त्याच्या कानामागे राहिले. तो रेवतीकडे बघत बोलत होता. त्याच्या श्वासाने काच आतून धुरकट व्हायची, तो तळव्याने पुसायचा.

रेवतीने फ्रेम खाली उतरवली, पालथी मांडीवर घेतली आणि उलथन्याने खिळे उपसायला लागली. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं. भिंती दोन्ही खांद्यांना टेकल्या होत्या.

समोरून सासू गंधाची वाटी डोक्याच्या वर धरून पाण्यातून चालत आली.

"आत्या, थांबा. एकच खिळा राहिलाय. एकच."

सासूने फ्रेम तिच्या हातातून काढून सुलटी केली. ओल्या पदराने काच पुसली.

"मुरली," ती म्हणाली, तो शाळेत जाताना म्हणायची तसंच. "इकडे बघ. हलू नकोस."

तिने बोट गंधात बुडवलं.

मुरलीधरने रेवतीवरची नजर काढली, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.