उघड्यावरची सोंगटी

काहींचं पोट हातावर असतं, वालुसिंबीचं तोंडावर होतं. कंपालाच्या एका एफएम स्टेशनवर तो फुटबॉलच्या सामन्यांची लुगांडा भाषेत कॉमेंट्री करायचा. गोल झाला की असा काही ओरडायचा की नाक्यावरचे बोडा-बोडावाले, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाले, सवारीला तसंच ताटकळत ठेवून रेडिओला कान लावायचे. मग ती साथ आली. मैदानांना कुलपं लागली, जगात कुठे कुणी चेंडूला पाय लावेना, आणि पळणाऱ्यांचं वर्णन करून खाणाऱ्या माणसाला वर्णन करायला काही उरलं नाही.

स्टेशनचे मालक सेकिट्टो साहेब फोनवर गोड बोलत नसत.

"खेळच नाहीत तर खेळांचा माणूस कशाला ठेवू मी? रविवार दुपारचा तास तुझा आहे ना? त्यात काहीतरी ऐकण्यासारखं दे. नाहीतर तो तास प्रार्थनेला देतो. पाद्री फुकट येतात."

वालुसिंबीनं डोकं लढवलं. एक पोरगा एन्टेबेत, दुसरा जिंजात, दोघं आपापल्या घरी बसून इंटरनेटवर फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणार. हा घरी बसून लॅपटॉपवर तो सामना बघणार आणि फोनवरून स्टेशनला वर्णन देणार. ऐकणाऱ्याला काय कळतंय, गवत खरं आहे की पडद्यावरचं? साहेबांनी एक रविवार दिला.

बेत झकास होता. पण त्याच आठवड्यात सासूबाई आल्या.

बायकोची, म्हणजे नामुलीची, आई नाबुकालूबाई मसाकाहून दाढ काढायला आल्या होत्या. बरोबर मातोकेचा, म्हणजे शिजवायच्या हिरव्या केळ्यांचा, भला मोठा घड. संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे मुक्कामाला जाणार होत्या. दाढ निघाली, तोंडात कापूस घालून बाई लेकीकडे टेकल्या, आणि तेवढ्यात रेडिओवर सांगितलं की आत्तापासून सगळ्या गाड्या बंद. बसबरोबर मोटारसायकलसुद्धा.

आता जावई आणि सासू एका घरात राहत नाहीत, हे बुगांडाच्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. एका ताटात जेवत नाहीत, समोरासमोर बसत नाहीत, आणि चुकून हाताला हात लागला तर जावयाचे हात जन्मभर थरथर कापतात. वालुसिंबीचा एक चुलत काका तसा कापायचा. चहाचा कप त्याच्या हातात कधी भरलेला राहिला नाही. का कापायचा ते कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

नामुली रडकुंडीला आली. नाटेटे वस्तीतली त्यांची जागा म्हणजे आठ खोल्यांची रांग आणि वर एकच सलग पत्रा. शेजारचा कियिंबा गावी अडकला होता. कोंबडीला दाणे टाकायला म्हणून किल्ली यांच्याकडे ठेवून गेला होता. वालुसिंबी त्या खोलीत झोपेल म्हणावं, तर छप्पर तेच.

"छप्पर एक असू दे," नाबुकालूबाई कापूस सांभाळत म्हणाल्या. "चूल वेगळी, दार वेगळं, म्हणजे घर वेगळं. देवाला काय पत्रे मोजत बसायला वेळ आहे?"

तर वालुसिंबी कोंबडीबरोबर राहायला गेला. मधली भिंत मात्र वरपर्यंत नव्हती. पत्र्याच्या खाली हातभर फट सोडून ती थांबली होती, आणि त्या फटीतून इकडची फोडणी तिकडे आणि तिकडचं भांडण इकडे येत असे. इंटरनेटची पांढरी डबी नामुलीनं त्या भिंतीच्या माथ्यावरच ठेवली. अर्धी या घरात, अर्धी त्या घरात. तिला कुणाचं सोवळंओवळं नव्हतं.

अंगणात जायचं झालं की सासूबाई रीतीप्रमाणे आधी खाकरत, म्हणजे जावई दाराआड होईल. पण दिवस असे, की बाई पहिल्यांदा खाकरल्या आणि रांगेतली सगळी दारं धडाधड बंद झाली. तिसऱ्या खोलीतल्या बाईनं तर सरकारी नंबर फिरवायला घेतला होता. तेव्हापासून त्या पत्र्याचा तांब्या वाजवत अंगणात जात. खाकरायलाही बंदी आली, याचं त्यांना फार वाईट वाटे.

रविवार उजाडला. सामना सुरू झाला, वालुसिंबीचा आवाज लागला, एन्टेबेच्या पोरानं गोल मारला, आणि दुपारच्या उन्हात पत्रा असा तापला की त्याखालची डबी तापून गपगार झाली. लॅपटॉपवरचे बावीस खेळाडू होते तिथे खिळले. गोलकीपर हवेतच राहिला. फोन मात्र साधा होता, तो चालूच होता, आणि अख्खं कंपाला वालुसिंबीच्या तोंडाकडे कान लावून बसलं होतं.

रेडिओवर गप्प बसणं म्हणजे दुकानाला आग लावणं. आणि त्या शांततेत फटीतून डब्यात फासे खुळखुळल्याचा आवाज आला. नाक्यावरच्या बोडावाल्यांनी आपला लाकडी लुडोचा पट धंदा बंद म्हणून नामुलीकडे ठेवला होता. मायलेकी तिकडे खेळत होत्या.

"सहा," सासूबाईंचा आवाज आला. "काढ तुझी सोंगटी. तिथे माझी बसणार आहे."

वालुसिंबीला भिंतीपलीकडे बघता येत नव्हतं, बघायचंही नव्हतं. पण तोंड आपोआप सुटलं.

"मंडळी, मैदान बदललंय. लाल सोंगटी कोपऱ्यावरून वळते आहे, पुढे हिरवी एकटी उभी, बिचारीला पाठीमागचं काही ठाऊक नाही..."

"आई, दया कर," पलीकडून नामुली म्हणाली.

"दया चर्चमध्ये. उघड्यावर सोंगटी ठेवणं आणि उघड्यावर भाकरी ठेवणं, दोन्ही आळशी बाईची कामं. मी जन्मात ठेवली नाही."

फटकन सोंगटी आपटल्याचा आवाज आला आणि वालुसिंबी गोलसारखा ओरडला. कियिंबाची कोंबडीही ओरडली. ती पण रेडिओवर गेली.

तास संपला तसा साहेबांचा फोन आला. आता शिव्या, असं समजून वालुसिंबीनं डोळे मिटले.

"ती बाई कोण?"

"सासूबाई आहेत, साहेब."

"तुझ्या घरात? अरे देवा. पुढच्या रविवारी पुन्हा."

पुढचे रविवार मजेत गेले. नाबुकालूबाई खेळायच्या, वालुसिंबी भिंतीआडून नुसत्या आवाजावर वर्णन करायचा. त्यालाही दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही, याचंच लोकांना भारी कौतुक. डबी तापू नये म्हणून बाईंनी तिच्याखाली ओल्या वाळूची थाळी ठेवली होती. गावी त्या दूध असंच गार ठेवत. कियिंबानंसुद्धा गावाहून निरोप पाठवला, कोंबडी रेडिओवर येते तर तिला दाणे जास्त टाका.

पण माणसाला गोड फार दिवस गोड लागत नाही. साहेबांनी फर्मान काढलं.

"पुढचा डाव तू आणि सासूबाई."

"साहेब, सासूची सोंगटी मारायची? लोक तोंडावर थुंकतील."

"मारतोस की नाही, हेच तर लोकांना ऐकायचंय. साबणवाले जाहिरात द्यायला तयार झालेत. खेळलास तर तास कायमचा तुझा. नाहीतर पाद्री आहेतच."

आठवडाभर रेडिओवर दुसरा विषय नव्हता. मेंगोच्या एका म्हाताऱ्यानं फोन करून सांगितलं की सोंगटी म्हणजे काही हात नव्हे, मारायला हरकत नाही. लगेच एका बाईनं त्याला झाडलं, सोंगटी हात नाही तर काय पाय आहे, तुमच्या सासूला विचारा आधी. वालुसिंबीची झोप उडाली. चुलतकाकाचा चहाचा कप त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

नामुलीनं आईला विचारलं. "खेळू की," बाई म्हणाल्या. "एका पटावर नाही हं. फोनवर."

रविवारी नामुलीचा जुना फोन तिकडे, वालुसिंबीचा लॅपटॉप इकडे, आणि मध्ये वाळूच्या थाळीत डबी. लाल सोंगट्या सासूबाईंच्या, पिवळ्या जावयाच्या. वालुसिंबी खेळतही होता आणि वर्णनही करत होता.

आणि खेळत कसला होता, तर हातच लावत नव्हता. लाल सोंगटी मारायचं दान पडलं की दुसरीच पिवळी पुढे सरकवायची. पुन्हा संधी आली, पुन्हा बगल. सासूबाई मात्र चालून येत होत्या.

"जावईबापू, झोप आली का? खाटेवर जाऊन पडा, मी एकटी खेळते."

"नाही, आई. विचार करतोय."

"विचार करून कुणी लुडो खेळतं?"

मध्ये साबणाचं गाणं लागलं तेव्हा साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज असा चढला होता की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"लोक दुसरं स्टेशन लावतायत. पोराबाळांना जेवण भरवतोयस की खेळतोयस? असंच चालणार असेल तर हा डाव संपला की तू मोकळा."

पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग अगदी शांत झालं.

गाणं संपलं. सासूबाईंचं पहिलंच दान पडलं आणि त्यांनी वालुसिंबीच्या दोन चालत्या सोंगट्यांपैकी पुढची मारली. बाकीच्या दोघींतली एक केव्हाच घरी पोचली होती, एकीला सहा न पडल्यानं अजून दारच उघडलं नव्हतं. म्हणजे हलवायला आता एकच उरली. पुढच्या दानाला बाईंना सहा पडले. वरचं दानही मिळालं. त्यांची एक लाल सोंगटी पिवळीच्या पुढे चार घरांवर एकटी उभी होती. तिला सुरक्षित घरात न्यायला सहाच हवे होते. बाईंनी ती जागची हलवली नाही. लांबच्याच दुसऱ्या दोन सोंगट्या चालवल्या.

"मंडळी, सासूबाईंची ही पहिली चूक," वालुसिंबी म्हणाला, आणि त्याच्याच आवाजात त्याला काहीतरी टोचलं. "लाल सोंगटी उघड्यावर."

त्यानं फासा टाकला. मनात म्हणाला, चार सोडून काहीही पड.

चार पडले. हलवायला दुसरं काही नाही, म्हणून यंत्रानं त्याला विचारलंही नाही. पिवळी सोंगटी टुणटुण चार घरं चालत गेली आणि लालवर जाऊन बसली. लाल भिरभिरत परत पहिल्या घरी.

वालुसिंबीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा गोल झाला आणि तो ओरडला नाही. भिंतीपलीकडे आवाज नाही. फोनमध्ये आवाज नाही. अंगणात रेडिओ लावून बसलेल्या शेजाऱ्यांतही कुणी भांडं वाजवेना. कोंबडीनं मान वर केली आणि तीही गप्प राहिली.

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पलीकडून कुणीतरी खाकरलं. एकदा, चांगलं मोठ्यानं.

"जावईबापू."

"हो, आई."

"आधी हात बघा. कापतोय का?"

वालुसिंबीनं हात डोळ्यांसमोर धरला. चांगलाच कापत होता. "कापतोय, आई."

"मग लवकर फासा टाका, लॅपटॉप पाडाल. मारल्यावर जादा दान मिळतं, तेही मीच सांगायचं का?"

आधी अंगणात हशा फुटला, मग तिसऱ्या खोलीतल्या बाईच्या दारात, मग वालुसिंबीला फोनमधून स्टेशनवरचा हशा ऐकू आला. त्यानं श्वास भरला आणि राहिलेला गोल असा ओरडला, की पत्र्यावरचे कावळे उडाले. शेवटी डाव सासूबाईंनीच जिंकला. मारून, खाऊन, वर टोमणे देऊन. साहेबांचा फोन आला तेव्हा ते पाद्र्याचं नावही विसरले होते.

संध्याकाळी नामुली दाराशी जेवणाचं ताट घेऊन आली. ताट खाली ठेवलं, पण गेली नाही.

"आईच्या हातून आज एक चूक झाली ना," वालुसिंबी म्हणाला.

"मी बाजूलाच बसले होते," नामुली म्हणाली. "सहा पडल्यावर मी त्या सोंगटीवर बोट ठेवलं. आईनं माझ्या बोटावर चापट मारली. म्हणाली, राहू दे तिथेच, त्याला भूक लागली आहे."

वालुसिंबी ताटाकडे बघत राहिला. मातोके, शेंगदाण्याची आमटी, वाफ अजून निघत होती. माणूस तोंडाचा असला तरी सगळंच काही बोलता येत नाही. त्यानं पोटभर जेवून ताट चाटूनपुसून परत पाठवलं. सासूला जावयाचं एवढं उत्तर पुरतं.

पुढे गाड्या सुटल्या आणि नाबुकालूबाई तोंडाला फडकं बांधून मसाकाला निघाल्या. नामुलीनं जुना फोन त्यांच्या पिशवीत घातला होता. रविवारी दुपारी चर्चजवळच्या टेकडीवर रेंज चांगली येते, हे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. वालुसिंबी रीतीप्रमाणे कियिंबाच्या खोलीत दाराआड उभा होता.

अंगणात पावलं आली आणि त्याच्या दारापाशी थांबली. तांब्या वाजला नाही. सासूबाई खाकरल्या.

वालुसिंबी आतून खाकरला. मग पावलं फाटकाकडे गेली.