चष्मेवालीला आखाडा हवा

नव्या शहरात गेलेला माणूस आधी काय शोधतो? खोली शोधतो, दूधवाला शोधतो, फार तर बरा न्हावी शोधतो. आमची चष्मेवाली आखाडा शोधत होती. आखाडा म्हणजे लाल मातीचा नव्हे, ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा क्लब. जाड कापडाचा पांढरा अंगरखा घालायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि गादीवर एकमेकांच्या कॉलरी धरून लोळायचं. समोरच्याने हात पिरगाळला आणि सोसेना, की त्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची. थाप पडली की त्याने सोडायचं. मग दोघांनी हसून पुन्हा सुरुवात करायची. तिशी उलटलेल्या शहाण्या बाईला यात काय सुख मिळतं, हे तिच्या आईला आजवर कळलेलं नाही.

चष्मेवाली म्हणायचं कारण असं की ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि तिचा स्वतःचा नंबर होता उणे नऊ. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे दोरीवर वाळत घातलेली चादर! लोकांच्या डोळ्यांत ती अलगद लेन्स बसवून द्यायची, पण तिच्या डोळ्यांना लेन्स मुळीच सोसत नव्हती. अर्ध्या तासात डोळे लालबुंद. खेळाडूंचा पट्ट्याचा चष्मा तिने एकदा घालून पाहिला, तर तो पहिल्याच झटापटीत जोडीदाराच्या भुवईवर आदळला. तेव्हापासून गादीवर उतरायचं म्हणजे चष्मा डबीत आणि डबी पिशवीत.

जुन्या गावी याचं काही अडत नव्हतं, कारण तिथे दादा होता. भाऊ म्हणावा तर असा. तोच तिला पहिल्यांदा क्लबात घेऊन गेला आणि तेव्हापासून तिच्या कानाशी लागला तो लागलाच. सर समोर डाव दाखवायला लागले की हा हळूच सांगायचा, "डावा हात कॉलरला. गुडघा आत. आता उलटव." रेडिओवरची कॉमेंट्रीच जणू! त्यामुळे मला दिसत नाही, असं तिला कधी कुणाला सांगावंच लागलं नाही. आणि न सांगायची सवय एकदा लागली, की ती सुटता सुटत नाही.

मग या शहरातल्या दुकानाने तिला मोठ्या हुद्द्यावर बोलावलं. ती आली. दादाने सामान बांधून दिलं, पण तोंड एवढंसं करून. दुकान चांगलं होतं. दिवसभर ती गिऱ्हाइकांच्या नाकांवर फ्रेमी ठेवायची, कानामागच्या काड्या गरम करून वाकवायची, "वरची ओळ वाचा बरं" म्हणायची. बोलून बोलून घसा बसायचा. पण शटर खाली आलं की बोलायला कोण? खोलीच्या चार भिंती. पहिल्या पंधरवड्यातच तिला इतकं एकटं वाटायला लागलं, की एकदा ती गॅसच्या शेगडीला "थांब गं जरा" म्हणाली.

दादाचा रोज फोन. "हे बघ, जुने मालक तुझी जागा राखून बसलेत. रविवारी दुपारपर्यंत थांबतो म्हणालेत, मग दुसरं कुणी ठेवतील. यायचं तर ये, लाजायचं काही कारण नाही." तिला जायचं नव्हतं. मनापासून नव्हतं. पण असं भिंतींशी बोलत राहणंही होणार नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, एक क्लब मिळाला, चार माणसं मिळाली, तर राहायचं. नाही तर गाशा गुंडाळायचा.

पहिला क्लब भपकेबाज होता. भिंतभर आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी. सर गादीच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहून डाव दाखवत होते. हिला दिसल्या दोन चादरी, एकीवर एक. जोडीदाराने विचारलं, "कळलं ना?" ही म्हणाली, "हो हो." आणि बरोब्बर उलट्या बाजूला लोळली. जोडीदाराचा ओठ फुटला. पुढे कोण हसून मान डोलावतंय, कोण हात करतंय, तिला कशाचा पत्ता नाही. ही आपली सरळ समोर बघत निघून गेली. कपडे बदलायच्या खोलीत पडद्यापलीकडून आवाज आला, "काय भाव खाते बघ, साधं हसत पण नाही!" डोळे गेले तरी कान शाबूत होते ना. तिथे ती पुन्हा फिरकली नाही.

दुसऱ्या क्लबातल्या सरांना प्रश्न विचारायची भारी हौस. डाव दाखवता दाखवता एकदम हिच्याकडे बोट. "तुम्ही सांगा, माझा उजवा हात कुठे आहे?" बोट आपल्याकडे आहे, हे शेजारणीने ढोसल्यावर कळलं. हिने ठोकून दिलं, "मनगटावर." सगळे खो खो हसले. सरांचा उजवा हात म्हणे पाठीमागे होता, ते खाजवत होते. "लक्ष कुठाय?" सर म्हणाले. आता तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं. मान खाली घातली, तास संपवला, आणि बाहेर पडून बसथांब्यावर चांगली रडली. राग सरांचा नव्हता, स्वतःचा होता.

राहता राहिला तिसरा. फर्निचरच्या दुकानावरचा, अरुंद जिन्याचा. रविवारी सकाळी ती तिथे पोचली. कपडे बदलले, पट्टा आवळला, चष्मा डबीत टाकला आणि दारातून आत पाऊल टाकलं. उजेड भरपूर, गादी मोठी, इकडे तिकडे पांढऱ्या चादरी. आणि अगदी जवळ, भिंतीशी, एक थोराड माणूस. अंगभर पांढरे कपडे, कमरेला काळा पट्टा. काळा पट्टा म्हणजे सर, यात काय विचारायचं? ती तडक समोर गेली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "नमस्कार सर. मी नवीन आहे. जरा सांभाळून घ्या."

तो माणूस दचकलाच. मग तोही वाकला. "मीपण नवीनच आहे ताई. सकाळी फोन आला म्हणून आलो."

काय नम्र माणूस आहे, असं हिला वाटलं. एवढा काळा पट्टा बांधून स्वतःला नवीन म्हणतो! तेवढ्यात त्याने तिच्या हातात काहीतरी दिलं. "हे जरा धरता का? असं, खाली."

टॉर्च होती. प्रत्येक क्लबाची आपली पद्धत असते, असं तिने ऐकलं होतं. कुठे आधी गादी पुसायला लावतात, कुठे पळायला. इथे टॉर्च धरायला लावत असतील. ती गुडघ्यावर बसली आणि सांगितलं तिथे प्रामाणिकपणे उजेड पाडला. 'सर' आडवे झाले, डोकं कशाच्या तरी खाली घातलं आणि कण्हायला लागले.

"वर घ्या थोडी. हां. वॉशर गेलाय."

वॉशर? हिच्या डोक्यात किंचित प्रकाश पडायला लागला होता, तोच मागून खणखणीत आवाज आला. "अगं ए मुली, तू खेळायला आलीस की बेसिन दुरुस्त करायला?"

सगळा हॉल हसला. हसणाऱ्यांत प्लंबरही होता. तो काळा पट्टा म्हणजे त्याचा हत्यारांचा पट्टा होता. पाने, पकडी, हातोडी सगळं त्यात लटकत होतं, फक्त हिला सोडून साऱ्या जगाला दिसत होतं.

खणखणीत आवाजाची मालकीण म्हणजे या क्लबाची शिक्षिका. आठवडाभर शाळेत तिसरीच्या वर्गाला गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात इथे मोठ्यांना आपटायची. त्यामुळे सगळे तिला बाईच म्हणत. पन्नाशीची, बुटकी, रुंद. हिच्यासाठी मात्र तीही एक चादरच.

चष्मेवालीला वाटलं, भुई दुभंगावी आणि आपण आत जावं. दार कुठल्या दिशेला आहे ते तिला ठाऊक होतं. पिशवी उचलायची, जिना उतरायचा, दादाला फोन करायचा. संपलं. दोन पावलं ती चाललीसुद्धा. मग तिला स्वतःचीच चीड आली. इथवर येऊन पुन्हा पळायचं? किती दिवस पळायचं? ती वळली आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "बाई, मला दिसत नाही. चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. तुमचा चेहरासुद्धा नाही."

आणि या वेळी ती जागची हलली नाही.

"मग हे आल्या आल्या सांगायचं नाही का?" बाई म्हणाल्या. "मला काय स्वप्न पडणार आहे? चल, पुढे ये. लंबू, तू बस खाली. आजपासून डाव हिच्यावर दाखवायचा."

"म्हणजे माझी नोकरी गेली?" कुणीतरी उंचावरून विचारलं.

"गेली. बस."

बाईंनी तिचा दंड धरून तिला गादीच्या मधोमध नेलं. स्वतः पाठीवर आडव्या झाल्या, हिला समोर गुडघ्यांवर बसवलं. एका हाताने हिची कॉलर धरली, दुसऱ्याने बाही. "आता सांग, माझी नडगी कुठे आहे?"

"माझ्या पोटावर आडवी."

"दुसरा पाय?"

"गादीवर, माझ्या गुडघ्याला लागून."

"शाब्बास. या डावाला कात्री म्हणतात." आणि पुढच्या क्षणी चष्मेवाली उताणी होती आणि बाई तिच्या छातीवर बसल्या होत्या. "काय झालं?"

"पुन्हा करता?" हिने विचारलं. बाईंनी पुन्हा पाडलं. मग हिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही आधी ओढता! पाय नंतर. आधी मला छातीशी ओढून घेता, माझं वजन पुढे येतं, आणि मग पाय चालतात."

ही कात्री ती वर्षानुवर्षं करत होती आणि वर्षानुवर्षं ती अर्धवटच बसत होती. दादा कानाशी "आता पाय!" म्हणायचा, कारण त्याला पाय दिसायचे. ती ओढ कुणाला दिसणार? ती अंगावरच यावी लागते. तिला एकदम इतका आनंद झाला, की ती पडल्या पडल्या हसायला लागली.

"ऐकलंत का रे?" बाई गरजल्या. "सहा महिने घसा कोरडा करतेय मी. आणि तू गं, हसू नकोस. दिसत नाही म्हणून टाच ढिली ठेवायची सवलत नाही मिळायची इथे. चल, जोड्या लावा."

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. जो जोडीला यायचा तो आधी हात पुढे करायचा आणि आपण कोण ते सांगायचा. "मी बेकरीवाला," एक म्हणाला, आणि सांगायची गरजही नव्हती, त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास होता. त्याला तिने तीनदा कात्रीत पाडलं. "मी लंबू, तुझ्यामुळे बेकार झालेला," दुसरा म्हणाला, आणि त्याने तिचा हात असा काही अडकवला की तिला मुकाट्याने थाप मारावी लागली. एक नर्स होती, बारीक चणीची पण चिवट. तिने खाली दाबून धरलं, आणि तशीच धरून विचारलं, "तुमच्या दुकानात वाचायचे चष्मे मिळतात का हो? आईला हवाय." खालून उत्तर द्यायला चष्मेवालीला श्वासच नव्हता.

मध्येच पिशवीतला फोन वाजला. वाजतच राहिला.

"घे तो एकदाचा," बाई म्हणाल्या. "नाही तर ती घंटा थांबायची नाही."

तिने चाचपडत फोन काढला, पडदा नाकाला लावून नाव वाचलं. दादा.

"अगं, आहेस कुठे? मालक माझ्यासमोर बसलेत. काय सांगू त्यांना?"

ती गादीच्या कडेला टेकली. घामाने चिंब, केस तोंडावर. "नाही येत म्हणून सांग, दादा."

"क्लब मिळाला?"

"मिळाला."

"मग डाव कोण सांगतं तुला? कानात?"

"कुणी नाही. मीच सांगितलं, मला दिसत नाही म्हणून."

"तू सांगितलंस?" दादाचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांसमोर?"

"ओरडून सांगितलं. काही झालं नाही रे. इतकी वर्षं उगाच घाबरले मी. बाई माझ्यावरच डाव दाखवतात आता."

मग त्याने विचारलं, "माणसं कशी आहेत गं?"

तिने मान वर केली. समोर पाच-सहा पांढऱ्या चादरी दम खात पसरल्या होत्या. त्यातली एक उंच होती, एक रुंद. "चांगली आहेत," ती म्हणाली. "दिसायला कशी आहेत ते अजून नाही माहीत. चष्मा लावायचाय."

"मी देखणा आहे म्हणून सांग!" लंबू ओरडला. त्यावर सगळे काहीबाही बोलायला लागले, बेकरीवाल्याने त्याला गादीवर लोळवलं, बाईंनी दोघांना दटावलं. तो सगळा गलका फोनमधून दादाच्या कानापर्यंत गेला असणार, कारण तोही हसला.

फोन ठेवायचा राहिला होता. पलीकडून तिला दादाचा आवाज ऐकू आला, फोनपासून लांबचा, मालकांशी बोलणारा. "नाही येत ती. तुम्ही दुसरं कुणी बघा." मग तोच पुन्हा म्हणाला, "तिचं जमलं हो तिथे. एकटीचं जमलं."