हॅलस्टनचा शॉर्टस्टॉप

पिचरने चेंडू टाकला की पत्र्याच्या गॅलरीतल्या तीसेक माना एकदम खाली जायच्या. प्रत्येकाच्या हातात चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन. चेंडू बॅटरमागच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आपटायच्या आत गनवर आकडा उमटायचा आणि तो बघण्यासाठी या सगळ्या शहाण्यांची नजर मांडीवर. वर बघेपर्यंत मैदानात जे घडायचं ते घडून गेलेलं असायचं. आणि मग हीच मंडळी सूर्यफुलाच्या बिया थुंकत एकमेकांना सांगणार, की आपण तीस वर्षं बेसबॉल बघतोय! बघतायत म्हणे. डोंबल बघतायत.

डार्लीन व्होथही त्यांच्यातलीच. कॅन्सस आणि आसपासच्या मुलखात फिरून एका मोठ्या क्लबसाठी पोरं पारखायची, हा तिचा धंदा. तीही वर्षानुवर्षं अशीच मान खाली घालत आली होती. पण मार्चमध्ये तिची गन ट्रकच्या दारात सापडली आणि फुटली. क्लबने नवी पाठवतो म्हणून सांगितलं आणि पाठवली नाही. हॅलस्टन कॉलेजच्या मैदानावर ती मोकळ्या हातांनी बसली, तेव्हा स्किप गँडीने सगळ्यांना ऐकू जाईल असा टोमणा मारला.

"अगं डार्लीन, वेग काय कानाने मोजणार आहेस?"

स्किप दुसऱ्या एका क्लबचा स्काउट, म्हणजे पारखीच. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

"तुझ्या तोंडाचा वेग मोजला असता," डार्लीन म्हणाली, "पण एवढे आकडे गनमध्ये बसत नाहीत."

सगळे आले होते ब्रॉक लिंडहोमला बघायला. साडेसहा फुटी पोरगा, चेंडू टाकला की तोफच. जुलैच्या निवडीत त्याला पहिल्याच फेरीत कुठला तरी क्लब उचलणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डार्लीनच्या हाती आकडा नव्हता, म्हणून तिची नजर मैदानभर फिरत राहिली आणि दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपवर येऊन अडकली.

एलिसेओ बर्राझा. बारीक चणीचा, गावच्याच मांसाच्या कारखान्यात काम करणाऱ्या घरातला. त्याच्याकडे आलेला प्रत्येक चेंडू सोपा वाटायचा. सरळ हातात. सगळ्या पारख्यांनी त्याच्याबद्दल एकच लिहून ठेवलं होतं: पोरगं ठीक आहे, पण कधी सूर मारत नाही, मातीत लोळत नाही, म्हणजे आवाका कमी. डार्लीननेही गेल्या वर्षी हेच लिहिलं होतं. आता मात्र तिला दिसलं, की चेंडू बॅटला लागायच्या आधीच हे पोरगं दोन पावलं सरकलेलं असतं. दर वेळी. आणि दर वेळी बरोबर बाजूला.

सामना संपल्यावर तिने त्याला गाठलं. तो कँटीनमध्ये चिलीच्या, म्हणजे खिम्याच्या तिखट रश्श्याच्या वाटीत दालचिनीचा गोड रोल बुडवून खात होता.

"काय रे, तू कधी लोळत का नाहीस?"

"लोळायचं कशाला, मिस डार्लीन?" त्याने तोंडातला घास गिळला. "कॅचरची खूण मला दिसते. चेंडू कसला येणार ते कळतं. मग बॅटरचा पाय बघायचा. पाय आधीच सांगून टाकतो. तिथं जाऊन उभं राहायचं, बस्स."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सगळेच असं करतात ना?"

डार्लीनला हसावं की रडावं कळेना. सगळे करतात म्हणे! मोठमोठ्या संघांत दहा-दहा वर्षं खेळलेल्यांना हे जमत नाही. तिने ट्रकमध्ये बसून लगेच वेंडेल प्रुइटला फोन लावला.

वेंडेल तिचा साहेब. जुलैच्या ड्राफ्टमध्ये सगळे क्लब आळीपाळीने पोरं निवडतात, तेव्हा तिच्या क्लबतर्फे शेवटचा शब्द त्याचा. त्याने हिवाळ्यातच तिला बजावलं होतं, की तू सुचवलेली पोरं खालच्या लीगमध्येच गळून पडतायत. यंदा तू म्हणशील त्या एकाला मी स्वतः येऊन बघेन. त्यात काही दिसलं तर ठीक, नाहीतर तुझा मुलूख टेक्ससवाल्याकडे जाईल. म्हणजे सरळ भाषेत नारळ. आणि डार्लीनला या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. येऊ नये अशीच तिची इच्छा होती.

"कोण? लिंडहोम?" वेंडेलने विचारलं.

"नाही. त्याच्या मागे उभा असतो तो."

"डार्लीन, विचार कर. एकच मिळणार आहे."

"केलाय. ये तू."

वेंडेल आला त्या दिवशी वारं असं सुटलं होतं की शेजारच्या गुरांच्या छावणीतला वास थेट घशात उतरत होता. आणि लिंडहोमच्या अंगात तर भूत संचारलेलं. समोरचे बॅटर एकामागून एक नुसते बॅट हलवून परत जात होते. चेंडू बॅटला लागतच नव्हता, तर शॉर्टस्टॉपकडे जाणार कसा? पहिला डाव गेला, दुसरा, चौथा. एलिसेओकडे एकही चेंडू नाही. त्यात तो स्वतः बॅटिंगला आला तेव्हा पठ्ठ्या पहिल्याच चेंडूवर झेल देऊन बसला. जगातला सगळ्यात चांगला पिचर आजच जागा व्हायचा होता!

वेंडेल मात्र खूश. चेंडू पडला की मान खाली, आकडा, हूं. चेंडू पडला की मान खाली, आकडा, वा. बाकीच्या मानांसारखीच त्याची मान. सात डावांचा सामना होता आणि सहावा सुरू झाला तरी साहेबांनी तिच्या पोराकडे एकदाही धड बघितलं नव्हतं. असल्या बघण्यापायी आपली रोजीरोटी जाणार या विचाराने डार्लीनचं डोकं फिरलं. तिने स्वतःची टोपी काढली आणि वेंडेलच्या गनवर घातली.

"हे काय?"

"आकडा कुठं पळून जात नाही. तू माझ्या पोराला बघायला आलायस, पिचरला नाही. एक बॅटर. तेवढ्यापुरतं फक्त शॉर्टस्टॉपच्या पायांकडे बघ."

"डार्लीन, टोपी काढ."

"नाही काढत. हाकलायचंय ना मला? हाकल. पण आधी बघ, मग हाकल!"

मागून स्किप फिदीफिदी हसला. "वेंडेल, तुझी बायको घरी कमी ओरडत असेल तर हिला घेऊन जा."

वेंडेलचे कान लाल झाले. चारचौघांत शोभा नको म्हणून असेल, पण त्याने गन मांडीवर तशीच ठेवली आणि हाताची घडी घालून समोर बघू लागला. लिंडहोमचा हात वर गेला. एलिसेओ डावीकडे दोन पावलं सरकला. चेंडू बॅटची कड घेऊन त्याच बाजूला, पण रेषेबाहेर गेला. पुढच्या चेंडूला तो उजवीकडे सरकला आणि चेंडू उजवीकडेच, पुन्हा बाहेर. आजूबाजूच्या माना खालीच होत्या. वेंडेलने घडी सोडली आणि पुढे वाकला. तिसऱ्या चेंडूनंतर त्याने टोपी डार्लीनच्या हातात दिली, गन पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन लावून टाकली.

शेवटचा डाव. हॅलस्टन एका धावेने पुढे. लिंडहोम आता दमला होता, माणूसच तो. एक बॅटर बाद झाला, पण दोघे बेसवर जाऊन पोचले, एक पहिल्या आणि एक तिसऱ्या. आता एक फटका बसला की सामना बरोबरीत. समोर उभा राहिलेला पोरगा बैलासारखा दणकट. त्याने पाय किंचित आत घेतला. डार्लीनने एलिसेओकडे बघितलं, तर तो केव्हाच दुसऱ्या बेसच्या अंगाला सरकला होता.

फटका असा बसला की पत्रा दणाणला. चेंडू पिचरच्या बाजूने जमिनीलगत सुसाट निघाला, दुसऱ्या बेसच्या रोखाने. तिथं कुणी असण्याचं काही कारणच नव्हतं. पण एलिसेओ तिथं होता. त्याने वाकून चेंडू उचलला, बेसवर पाय ठेवला आणि पहिल्या बेसकडे फेकला. एका चेंडूत दोन बाद, आधीचा धरून तीन, आणि तीन बाद म्हणजे डाव संपला. खेळ खलास!

तीस माना वर आल्या त्या सगळं संपल्यावर.

"बघा, आयता हातात गेला," स्किप खुर्ची मिटत म्हणाला. "नशीब काढलंय पोराने."

डार्लीनने वेंडेलकडे बघितलं. वेंडेलने आळस दिला, बी थुंकली आणि अगदी कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "हो ना. पण तो लिंडहोम! काय पिचर आहे, बाप रे. मी तर त्याच्यावरून नजरच हलवली नाही."

डार्लीनने चटकन तोंड फिरवलं, कारण तिला हसू आवरेना. या धंद्यात साहेब एखाद्याची मोठ्याने स्तुती करायला लागला, की समजावं त्याच्या मनात दुसराच कुणी आहे.

जुलैत वेंडेलने तिला क्लबच्या कचेरीत बोलावून घेतलं. स्काउटांना सहसा तिथं बोलावत नाहीत. लिंडहोम पहिल्या फेरीत गेला, अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पुढच्या फेऱ्या फोनवर चालतात. सगळे क्लब एकाच लाइनवर, आपली पाळी आली की नाव सांगायचं आणि गप्प बसायचं. बाकी जगाला ती लाइन इंटरनेटवर ऐकता येते. चौथ्या फेरीला वेंडेल म्हणाला, "कुणाला पत्ता नाही त्याचा. अजून दोन फेऱ्या थांबू."

"थांबू नकोस."

"अगं, कुणी बघितलंच नाही त्याला!"

"मीही बघितलं नव्हतं," डार्लीन म्हणाली, "आणि मग एक दिवस बघितलं. दुसऱ्या कुणाची गन फुटली नसेल कशावरून?"

वेंडेलने चौथीत दुसरंच नाव दिलं, पण दोनऐवजी एकच फेरी थांबायला तयार झाला. पाचव्या फेरीत त्यांच्या आधीची पाळी स्किपच्या क्लबची होती. फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग शब्द आले, "हॅलस्टन कॉलेज, कॅन्ससमधून..."

डार्लीनने टेबलाची कड घट्ट धरली. हातातोंडाशी आलेला घास!

"...कॅचर, वेड शूल्ट्झ."

कॅचर! त्यांनी कॅचर घेतला होता! डार्लीन खुर्चीत बसली ती धप्पकन. वेंडेलचाही चेहरा पांढरा पडला होता. त्याने बोर्डाकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. टेबलावरचा फोन उचलला आणि सरकवत डार्लीनपुढे आणून ठेवला.

"नाव तू सांग."

"मी? हे तर तू सांगतोस नेहमी."

"शोधला कुणी? बोल लवकर, वेळ जातोय."

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. तिकडे कॅन्ससमध्ये बर्राझांच्या स्वयंपाकघरात सगळं घर हीच लाइन ऐकत बसलं होतं, हे तिला माहीत होतं. हाच आवाज स्किपच्या कानात जाणार होता, टेक्ससवाल्याच्या कानात, देशातल्या एकूणएक क्लबच्या कानात. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत निघाला, मैदानावर ओरडावं तसा.

"एलिसेओ बर्राझा. शॉर्टस्टॉप. हॅलस्टन, कॅन्सस."