आंदोंगखालची जागा

आमच्याकडे दोन घरांच्या हद्दीवर भिंत घालत नाहीत, लाल पानांचं आंदोंग लावतात. फांदी खोचली की जगते. कबरीवरही आम्ही तेच झाड लावतो, आणि दार्मोनं नेमकं हे हेरलं.

दार्मो म्हणजे म्बाह साकिनेमचा शेजारी. म्हाताऱ्या माणसाला आम्ही म्बाह म्हणतो. केसानं गळा कापणारा. सरकारी मोजणी येणार कळलं आणि हद्दीवरची आंदोंगं एकामागून एक सुकली. मुळाशी यानं काय ओतलं ते यालाच ठाऊक. जगलं एकच झाड, म्हातारीच्या अंगणात चार हात आत. त्याखाली तिचं पाचव्या महिन्यात पडलेलं लेकरू पुरलेलं होतं. पुढे तिला मूल झालं नाही. नवराही गेला. रोज सकाळी ती त्या झाडाला पाणी घालायची आणि दोन शब्द बोलायची.

मोजणीच्या दिवशी दोघांना हजर राहावं लागलं. आम्हीही जमलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"हे आंदोंग कुणी लावलं?" साहेबानं विचारलं.

"मीच की," म्हातारी कौतुकानं म्हणाली.

"ऐकलंत ना साहेब?" दार्मो कमरेत वाकून म्हणाला. "हद्दीचं झाड म्बाहनं स्वतः लावलंय."

"हद्द कसली रे मेल्या! माझं बाळ आहे तिथे. तूच नाही का खड्डा खणलास? नवरा परगावी होता म्हणून तुलाच हाक मारली होती मी!"

"वय झालं हो हिचं," दार्मो आमच्याकडे बघून हसला. "म्बाह, भांडण कशाला? खणून बघू. हाडं निघाली तर जागा तुमची, वर सगळ्यांदेखत पाया पडतो."

तिला वाटलं, चोर आपणहून सापडला. "खण! तूच पुरलंस, तूच काढ!"

एवढ्याशा जिवाची कोवळी हाडं आमच्या ओल्या मातीत कधीच विरून जातात, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही. इमामसाहेब आपल्या चपलांकडे बघत राहिले. थू असल्या मोठेपणावर!

दार्मोनं झाड उपटलं आणि गुडघाभर खणलं. काळी माती, मुळं, गांडुळं. म्हातारी खाली बसली, मूठ मूठ माती सारोंगच्या ओच्यात घेऊन बोटांनी चाळू लागली. "असेल, इथेच असेल," म्हणत राहिली.

साहेबाला पुढच्या घरी जायचं होतं. "खड्डा तयारच आहे," तो म्हणाला, आणि हद्दीचा सिमेंटचा खांब त्यातच उभा केला. माती दार्मोनं पायानं दाबली.

मग त्यानं म्हातारीला दंडाला धरून उठवलं. "सांभाळून हं, म्बाह. आणि ओच्यातली माती तेवढी ठेवून जा. ती माझ्या बाजूची आहे."

तिनं ओचा सोडला. आम्ही आपापल्या घरी जेवायला गेलो.