मंदीत न बुडणारं काम

मंदी आली आणि नोकरीचे सल्लागार कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले. अकाउंट्सची पदवी घेऊन घरी बसलेल्या भाचीला मी अशाच एकाकडे नेलं. स्वतः कुणाला सल्ला द्यायचा धीर मला आजवर झालेला नाही.

सल्लागार फिरत्या खुर्चीत रेलून तिला म्हणाले, "मंदीत सगळे चालत्या कंपनीच्या मागे धावतात. तू बुडालेल्या कंपन्या गुंडाळून देणाऱ्यांकडे जा. ते काम कधी बुडत नाही. आणि काहीही होवो, चेहरा हसरा ठेव!"

मला काही ते पटलं नाही. पण त्यांनी फी आधीच घेतली होती, म्हणजे त्यांना कळत असणार, असं मी धरून चाललो.

भाचीला तशी नोकरी खरंच लागली. बंद पडलेल्या जागी जायचं, सामानाची मोजदाद करायची आणि प्रत्येक वस्तूला लिलावाची चिठ्ठी चिकटवायची.

पहिल्याच आठवड्यात ती संध्याकाळी घरी आली ती हसू दाबतच.

"मामा, आज कुणाचं दुकान गुंडाळलं, सांगू? आपल्या सल्लागारांचं!"

"काय सांगतेस!"

"सगळ्याला चिठ्ठ्या लावल्या, फक्त ती फिरती खुर्ची राहिली. ते उठेचनात. शेवटी म्हटलं, सर, जरा उठता का?"

"मग?"

"उठले. म्हणाले, मॅडम, तुमच्याकडे एखादी जागा असेल का?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेबांना विचारते. तोवर चेहरा हसरा ठेवा."