चवळीतले उडणारे भुंगेरे

"झुएराबाई, ओता परत एकत्र," भिंगावरून डोकं न उचलता इसाका साहेब म्हणाले. "दोन्ही एकच जात आहे."

माझ्या हातात दोन बाटल्या होत्या. बियांतले भुंगेरे जातवार निवडणं हे कीड संशोधन केंद्रातलं माझं काम. बाभळीच्या शेंगेतला निराळा, चवळीतला निराळा. कुणाची मांडी जाड, कुणाच्या पाठीवर ठिपके. चवळीच्या पोत्यातल्यांचे मी दोन भाग केले होते. सुस्त ते एकीकडे, काळपट आणि उडू पाहणारे दुसरीकडे. अख्खा उन्हाळा त्यात गेला. पाठीचं काय झालं ते पाठीलाच ठाऊक.

"पण साहेब, हे उडतात. ते नुसते बसून असतात."

"एकाच आईची पोरं ती. दाण्यात दाटी झाली, ऊब वाढली, की काही उडणारे निघतात. दिसतात वेगळे, म्हणून फसलात. मीही फसलोच की."

मी ओतले एकत्र. काय करणार?

घरी आले तर हे अंगणात चटईवर, भिंतीकडे तोंड करून. आज थोरल्याचा फोन यायचा होता. एका खोलीत आम्ही नऊ जण, म्हणून तो वाळवंटाच्या कडेच्या अगादेझ शहरात गेला. उद्या वाळवंट ओलांडून अल्जेरियाला निघणार होता. निघण्याआधी त्याला बापाची दुवा हवी होती, आणि हे म्हणत, घर सोडून गेला तो माझा नव्हेच. पहिल्या मुलाचं नाव आमच्यात आईबाप लाजेनं घेत नाहीत. ह्यांनी तर विषयच टाकला होता. मला फार लागायचं ते. पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

ह्यांच्यापुढे घट्ट शिजवलेला बाजरीच्या पिठाचा तुवो ठेवला आणि वाया गेलेल्या उन्हाळ्याचं रडगाणं सांगत बसले.

"दाटीमुळे?" ह्यांनी विचारलं.

"साहेब म्हणतात तसं."

ह्यांनी आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "उडालेले परत येतात का गं?"

"आमच्या बाटल्यांना झाकणं असतात. कुणी पाहिलेलं नाही."

फोन वाजला. मी हात पुसेपर्यंत ह्यांनी उचललासुद्धा. पलीकडून "आई?" ऐकू आलं.

"लाउआली," हे म्हणाले.

नाव ठेवल्यापासून ते मी ह्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

ह्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "अल्ला पाठीशी राहो. आणि पाणी जास्त घे बरोबर."